पारीवरची बाळंतीण

अजगर निघाला म्हणून फोन आला की माझे हात आजही गार पडतात. वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, लाथा खाल्ल्या, शिंगं खाल्ली, एका म्हशीने तर माझा मोबाइल चावून पाहिला. पण साप म्हटला की मी दाराच्या अलीकडेच. हल्ली मात्र थोडा फरक पडला आहे. हात गार पडले की पाठोपाठ कानात एक जाड, संथ आवाज येतो, ‘घाई कायची हाय जी?’ आणि मी आधी खुर्चीत बसून पेलाभर पाणी पिते.

हा आवाज लहानूजींचा. गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, कसलीही घाई न करता. त्यांची एक गोष्ट मी इतके दिवस पोटात ठेवली होती. आता ती सांगायला हरकत नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या बाजूला माझी बदली झाली तेव्हा लहानूजी सत्तरीला टेकले होते. मी मूळची कारध्याची, वैनगंगेच्या काठची, त्यामुळे पाणी मला नवं नव्हतं. पण पाण्याला माणूस नेमलेला असतो, हे मी या गावात पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आणि मधे जुना तलाव. तलावाच्या पाळीला तिथे पार म्हणतात. त्या पारीची राखण करायची, पाणी सोडायला मोरी उघडायची, कोणाच्या बांधीला आज पाणी आणि कोणाच्या उद्या हे ठरवायचं, या सगळ्याला जो माणूस असतो तो पाणकर. लहानूजी चाळीस वर्षं त्या गावाचे पाणकर होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील.

नाव लहानू आणि माणूस दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे. आईबापांनी नाव ठेवताना तेवढी घाई केली असावी. त्यानंतर त्या घरात कोणी कसली घाई केल्याचं ऐकिवात नाही. गुडघ्यापर्यंत धोतर, वर खिशाची बंडी आणि हातात बांबूची काठी. काठीवर दर वितीला एक खाच, अशा आठ खाचा. तलावाचं पाणी त्या काठीने मोजलं जायचं आणि जगातल्या इतर सगळ्या वस्तूही. पहिल्या भेटीत मला वरपासून खालपर्यंत पाहून ते म्हणाले होते, “सात खाचा.” मला वाटलं, ही काहीतरी शिवी असावी. पुढे कळलं, ती माझी उंची होती, आणि बरोबर होती.

त्यांना काही विचारायचं म्हणजे सबुरी लागे. पहिल्याच आठवड्यात मी सकाळी गाडीवरून जाताना विचारलं, “लहानूजी, ही वाट पुढे कुठे निघते?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं. मला दुसऱ्या गावी लसीकरण होतं, मी निघून गेले. ती वाट जंगलात एका नाल्यापाशी संपली. दिवसभर भटकून संध्याकाळी परत आले, तर लहानूजी जांभळीखाली तसेच बसलेले. म्हणाले, “बाई, ते वाट कुठीच जात नाई. तुमाले आता समजलंच असंन.”

प्रश्न त्यांच्या पोटात गेला की तो पचायला वेळ लागे, पण उत्तर न देता ते कधी राहिले नाहीत. कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. गावाला याची सवय होती. लोक त्यांना प्रश्न टाकून ठेवत आणि आपापल्या कामाला लागत.

जेवणही तसंच. दिवसातून एकदाच, दुपारी. परातीत भाताचा ढीग, त्यावर वरण, बाजूला वाळलेल्या बोंबलाची चटणी. ते जेवत असताना कोणी बोलायचं नाही. जेवण झालं की पारीवरच्या जांभळीखाली आडवे. मग हाक मारली तरी पापणी हलायची नाही, फक्त डोळा तुमच्याकडे वळायचा. त्यांच्या बायकोला, पारबताबाईंना, मी एकदा विचारलं, “झोपलेत का हो?” त्या म्हणाल्या, “कोनाले ठाऊक, बाई? पन्नास वर्सं झाले, मले अजून फरक समजला नाई.”

पारबताबाई नवऱ्याच्या खांद्यालाही लागत नसत, पण दोघांच्या वाटचं त्या एकट्या बोलत. त्यांच्या बकऱ्या होत्या, म्हणून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं जास्त.

आणि बकरीवरूनच अजगराची गाठ पडली. डिसेंबरातली सकाळ होती. फोन आला, “बाई, अजगरानं बकरीचं पिल्लू गिळलं, लवकर या.” लवकर येऊन मी काय करणार होते देव जाणे. गेले, तर पारीच्या खाली चाळीस-पन्नास माणसं काठ्या घेऊन उभी आणि मधे ते जनावर उन्हात पडलेलं.

एवढा मोठा साप मी तोवर पाहिला नव्हता. पिवळसर अंगावर तपकिरी ठिपके, ठिपके कसले, सागाची वाळकी पानं एकाला एक लावून ठेवावीत तसे मोठे डाग. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. अंगाला तेल लावल्यासारखी चमक, आणि मधोमध पोटाला फुगवटा. त्या फुगवट्यामुळे त्याला धड पळताही येत नव्हतं. लोक जवळ गेले की ते भात्यातून हवा सुटावी तसा लांब फुत्कार टाकायचं आणि सगळे चार पावलं मागे.

“काठीनं दाबा, वकून टाकते,” कोणीतरी म्हणालं. ते खरंच आहे, अजगर घाबरला की गिळलेलं ओकून टाकतो.

तेवढ्यात लहानूजी आले. गर्दीतून वाट काढत अजगरापासून चार हातांवर जमिनीवर बसले आणि काठी आडवी धरून लांबूनच मोजायला लागले. लोक ताटकळले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दोन काठ्या पुऱ्या. वरतून एक खाच.” म्हणजे बारा फुटांच्या वर. मग वळून लोकांना म्हणाले, “जेवून राहिली ना ते? जेवत्याले कोनी उठवते का? व्हा बाजूले.”

“पन पिल्लू कोनाचं होतं, ते त पाहा!” गर्दीतून पारबताबाई ओरडल्या. पिल्लू त्यांचंच होतं.

“आपलंच हाय,” लहानूजी म्हणाले. “खाल्लं त खाल्लं. आता पोटातून काढून त्याले गवत चारशीन का?”

मला दवाखान्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना असतो, मृत जनावर सध्या कुठे आहे. मी पेन हातात धरून उभी राहिले. लहानूजींनी माझ्या खांद्यावरून फॉर्म पाहिला आणि अजगराच्या फुगवट्याकडे बोट दाखवून म्हणाले, “लिवा ना, अठीच हाय.”

लोक हसले आणि पांगले. मी पुष्कळ वेळ लांबून पाहत राहिले, कारण लहानूजी शेजारी होते. त्यांनी काठीच्या टोकाने, स्पर्श न करता, मला ते जनावर दाखवलं, नवी म्हैस दाखवावी तसं. ओठांवरचे बारीक खड्डे, ज्यांनी त्याला अंधारात गरम अंगाचा सुगावा लागतो. शेपटीजवळ दोन बाजूंना दोन नख्या. “हे तिचे पाय,” ते म्हणाले. “कधी काळी असतीन. चालाचा कंटाळा आला असंन, सोडून देल्ले.” पुस्तकात मी हेच वाचलं होतं, फक्त कंटाळ्याचा मुद्दा नव्हता.

“पण ती कशावरून? तो नसेल?” मी विचारलं.

त्याचं उत्तर मला मे महिन्यात मिळालं.

दर उन्हाळ्यात, तलाव खाली गेला की पाणकर पारीवरून फेरी काढतो. उंदरांची, खेकड्यांची, साळिंदराची बिळं शोधायची आणि चिकणमाती कुटून बुजवायची. पारीत एक बीळ राहिलं आणि तलाव भरला की पाणी त्यातून वाट काढतं, आणि वाट मिळालेलं पाणी मग थांबत नाही. पार फुटली की खालच्या सगळ्या बांध्या आणि त्यातला धान गेला. चाळीस वर्षांत लहानूजींच्या हातून एकही बीळ सुटलं नव्हतं. ते कशाचाही अभिमान बाळगत नसत, पण याचा बाळगत.

त्या वर्षी तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली त्याच दिवशी त्यांना पारीच्या धुळीत एक रेघ दिसली. रुंद, सरळ, ओढल्यासारखी. जंगलाकडून आलेली आणि पारीवर चढलेली. त्यांना वाटलं, कोणीतरी चोरून सागाचं लाकूड ओढत नेलं. संशय आला पारबताबाईंच्या भावावर, शामरावांवर, कारण त्यांच्या घरी नवी पलंगाची चौकट दिसली होती. लहानूजींनी मेव्हण्याला दोन शब्द ऐकवले. शामराव आठ दिवस बहिणीच्या घरी चहाला आले नाहीत.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी फेरी करताना लहानूजींना तलावाच्या अंगाला, पारीच्या वरच्या भागात, साळिंदराचं एक जुनं बीळ लागलं. त्यांनी रिवाजाप्रमाणे माती कुटली, बीळ बुजवलं आणि घरी जेवायला गेले. परात समोर आली. चार घास झाले. पाचवा घास हातात राहिला.

हे मला पारबताबाईंनी सांगितलं. “घास हातात घेऊन बसले, बाई. मले वाटलं, मीठ जास्त झालं. त मनतात कसे, ‘पारबते, लाकूड वढत नेलं असतं त मानसाचे पाय दिसले असते ना वो धुळीत?’ मी म्हनलं, कोनतं लाकूड? त परात तशीच सोडून पयाले!”

लहानूजींना धावताना गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाकीचे साप नागमोडी जातात. भरल्या अंगाचा अजगर सावकाश निघाला तर सरळ रेषेत सरकतो, पोटाच्या खवल्यांवर. ती रेघ बिळाकडे गेली होती आणि परत आली नव्हती. लहानूजींनी भर उन्हात ओली माती हातांनी उकरली. बीळ मोकळं झालं तेव्हा आतून एक लांब फुत्कार आला. ते म्हणाले, तेवढा गोड आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

मला निरोप आला. मी टॉर्च घेऊन गेले आणि लहानूजींच्या पाठीमागून वाकून आत पाहिलं. बीळ आत रुंद झालेलं. त्यात ती वेटोळं घालून बसलेली, वेटोळ्याच्या वर डोकं टेकलेलं आणि फटीतून खाली पांढरी अंडी दिसत होती, पपईएवढी नाही पण बदकाच्या अंड्याहून मोठी. टॉर्चच्या उजेडात तिचं सगळं अंग अधूनमधून थरथरत होतं, उचकी लागल्यासारखं.

“थंडी वाजून राहिली का तिले?” लहानूजींनी विचारलं. बाहेर जमीन पाय ठेवू देत नव्हती.

मी भंडाऱ्याच्या एका वरिष्ठांना फोन लावून विचारून घेतलं होतं, ते सांगितलं. अजगराची मादी अंडी सोडून जात नाही. अंग थरथरवून उष्णता तयार करते आणि अंडी ऊबदार ठेवते. साठेक दिवस. तेवढे दिवस ती बहुतेक काही खात नाही.

लहानूजींनी पुन्हा वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजे सोताच शेगडी. बाळतीन हाय बिचारी.” तेव्हापासून गावात तिचं नाव तेच पडलं.

आणि इथेच पेच होता. धुळीत रेघ दिसली त्या दिवसापासून साठ दिवस म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा. तलाव त्याच्या आधीच त्या बिळापर्यंत भरतो. बीळ उघडं ठेवलं तर पार जाईल, बुजवलं तर बाळंतीण जाईल. वनविभागाचा एक पोरगेला गार्ड येऊन पाहून गेला. त्याने सांगितलं, अंडी हलवली तर वाया जाण्याची भीती, आणि बीळ खणून काढायचं तर पारच फोडावी लागेल. तोही डोकं खाजवत गेला.

ग्रामपंचायतीसमोर सभा बसली. सरपंच सुनंदाताई, मुळात अंगणवाडीच्या बाई, मुलांशी बोलतात तशा सगळ्यांशी सरळ बोलायच्या. त्या म्हणाल्या, “लहानूजी, मले बी दया येते. पन पार फुटली त सगळ्या गावाचा धान जाते. तुमी पानकर हा, तुमीच सांगा का करावं ते.”

प्रश्न पडला आणि सभेने बैठक सैल केली. चहा आला, चहा झाला. एकाने डुलकी काढली. लहानूजी मग उठले.

“आपल्या घरी बाळतीन असली त तिले खोलीतून बाहेर काढते का कोनी?” ते म्हणाले. “पावसात घर गळाले लागलं तरी काढते का?”

दोघातिघांच्या माना हलल्या.

“पन पानी गावाचं हाय,” ते पुढे म्हणाले. “माहं नाई, तिचं बी नाई. मी बिळाच्या खाली पान्यात काठी रोवतो. पानी तिसऱ्या खाचेले लागलं का मी माह्या हातानं बीळ बुजवीन. दुसऱ्या कोनाले हात लावा लागनार नाई.”

एवढं लांब भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं. सुनंदाताईंनी लोकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मंजूर.”

पारबताबाईंनी त्या दिवसापासून एका डब्यात रोज मोहाची एक बी टाकायला सुरुवात केली, तेंदूपत्त्याच्या पहिल्या दिवसापासूनचे दिवस आधी टाकून. वर तोंड चालूच. “माही लेक झाली त हे पारीवर. घरून निरोप घेऊन मानूस गेला, तरी मनतात, येतो पानी वळवून. आले त पोरगी झोपून गेली होती. आन् आता हिच्या बाळतपनाले पारीवर खाट टाकून बसले!”

“तवा पारीले भेग पडली होती,” लहानूजी म्हणाले. हे उत्तर त्यांनी अडतीस वर्षांनी दिलं, असं पारबताबाई म्हणाल्या.

जून सरला, तलाव चढायला लागला. काठीची पहिली खाच बुडाली. लहानूजींनी मग धानाच्या बांधीला घालतात तसा बिळासमोर अर्धगोल धुरा, म्हणजे बुटका बांध, घातला, चिकणमातीचा, मधे पळसाची पानं घालून कुटलेला. त्यामुळे बिळाच्या तोंडाशी इवलीशी कोरडी बांधी तयार झाली. तिला पोरं ‘बाळतिनीची बांधी’ म्हणायला लागली. पण पाण्याचा दाब वाढला तर असला कच्चा धुरा किती टिकणार, हे लहानूजींइतकं कोणाला ठाऊक असणार? दुसरी खाच बुडाली.

आणि मग त्यांनी चाळीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. एरवी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत लोक पाणकराच्या मागे लागतात, ‘मले आज द्या, माहे पऱ्हे वाळून राहिले.’ पाणकर मान हलवतो आणि वाट पाहायला लावतो. त्या वर्षी लहानूजी सकाळी काठीविना, मोकळ्या हातांनी घरोघर फिरले. कारण काठी पाण्यात रोवलेली होती. दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, “पानी घ्या ना जी. रोवनी करून टाका. उद्या कायले?”

लोकांना हसावं की घाबरावं कळेना. लहानूजी आणि घाई! शामरावांच्या दारातही ते गेले. शामराव म्हणाले, “लाकूडचोराले कायले पानी देता, भाटवे?” लहानूजी तिथेच ओट्यावर बसले. दुपारपर्यंत बसले. शेवटी म्हणाले, “चुकलं माहं.” शामरावांनी दुसऱ्याच दिवशी रोवणी लावली. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही. मोरी रात्रंदिवस वाहू लागली आणि पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या खाचेच्या मधे अडकून राहिलं.

मग दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. मी छत्री घेऊन पारीवर गेले. लहानूजी खाट सोडून धुऱ्याला पाठ लावून बसले होते, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. येणारे-जाणारे लोक कमरेवरचं घमेलं धुऱ्यावर रिकामं करून जात होते. कोणी काही बोलत नव्हतं. सुनंदाताईही माती टाकून गेल्या. मला वाटलं, हौस आहे. लोकांना त्या सापाचं वेडच लागलं आहे. काठीकडे मी पाहिलं, तिसरी खाच पाण्याच्या वर दिसत होती. मला हायसं वाटलं आणि मी घरी आले.

पारबताबाईंच्या डब्यात चौसष्टावी बी पडली त्या सकाळी फोन आला. आवाज पारबताबाईंचा, “बाई, झाली मोकळी!”

अंडी चिरली होती. प्रत्येक चिरेतून बोटाएवढं एक डोकं बाहेर, त्यावर तीच भाल्याची खूण, आणि ती पोरं डोकं बाहेर काढून नुसती बसलेली. एक दिवस गेला, दुसरा गेला, निघायचं नाव नाही. लहानूजी अत्यंत समाधानाने म्हणाले, “ह्यायले बी घाई नाई.” तिसऱ्या दिवशी ती एकेक करून बाहेर पडली आणि गवतात दिसेनाशी झाली. त्यांच्यामागून बाळंतीण निघाली. पाठीचा कणा वर आलेला, कातडी सैल, पण डौल तोच. धुऱ्यावरून ती पाण्यात उतरली आणि नाकाचा शेंडा तेवढा वर ठेवून जंगलाच्या काठाकडे गेली.

पारबताबाईंनी पदराने डोळे पुसले. “माह्या घरचं पिल्लू खाल्लं म्हनून टिकली,” त्या म्हणाल्या. “नाई त दोन महिने उपाशी कोन राहते?”

लहानूजींनी बिळातली रिकामी टरफलं बाहेर काढली, ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ, सतरा. मग उभं राहून, एक क्षणही न दवडता, माती कुटून बीळ बुजवलं. मी शेजारी उभी होते. मी विचारलं, “लहानूजी, खरं सांगा, पाणी तिसऱ्या खाचेला लागलं असतं तर बुजवलं असतं तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं. मला गाय व्यायली म्हणून दुसरीकडे बोलावणं होतं. मी गेले.

दिवाळीनंतर माझी लाखांदूरला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला पारीवर गेले. लहानूजी जांभळीखाली होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळ कोणी नव्हतं.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमी इचारलं होतं ना, पानी खाचेले लागलं असतं त?”

“हो.”

“लागलं होतं ना जी. दोन दिवस लागून होतं.”

मी स्वतः पाहिलं होतं, खाच वर होती.

“मी काठी उपटली,” ते म्हणाले. “आन् एक वीत वर रोवली. बुडाले गोटे लावले. चाळीस वर्सांत पान्याचं खोटं माप कधी कोनाले सांगतलं नव्हतं. पह्यलं आन् शेवटलं.” त्यांनी काठीच्या खाचेवरून अंगठा फिरवला. “धुरा सुटला असता त मी त्याच्यात आडवा झालो असतो. पन गावाले फसवलं, हे खरं. कोनाले सांगू नोका.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले. ज्या माणसाचं माप चुकत नाही म्हणून गाव त्याच्यावर धान सोपवून झोपत होतं, त्याने ते माप एका सापासाठी खोटं केलं होतं, आणि गेले कित्येक महिने तो ते एकटा वागवत होता.

पारबताबाई मला बसपर्यंत सोडायला आल्या. हातात तांदळाची पिशवी, माझ्यासाठी. बस दिसल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “सांगतलं का तुमाले? काठीचं?”

मी चमकले. “तुम्हाला माहीत आहे?”

“मलेच काय, बाई, पुऱ्या गावाले माहीत हाय,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “काठी वीतभर उंच झाली ते लोकायले दिसत नाई का? चाळीस वर्सं झाले, त्याच काठीकडे पाहून उठतात सगळे. सरपंचबाईनं सकाळीच पाहिलं. कोनी काई म्हनलं नाई. उचललं घमेलं आन् गेले माती घेऊन. आमच्या ह्यायले वाटते, कोनालेच ठाऊक नाई. तुमी बी सांगू नोका.”

मी नाही सांगितलं. ते असेपर्यंत तिथल्या कोणीच सांगितलं नाही.

बस पारीच्या बाजूने जाते. खिडकीतून लहानूजी दिसले, जांभळीखाली उभे, काठी शेजारी टेकवलेली, मागे काठोकाठ भरलेला तलाव आणि खाली पिवळा पडत आलेला धान. मी हात हलवला. ते नुसते बघत राहिले. बस पुढे आली, जांभूळ मागे पडलं, तरी मी मान वळवून पाहत होते. बस वळणावर आली तेव्हा कुठे त्यांचा हात सावकाश वर गेला.